सोवळ्याचं पातेलं

कोल्हापूरच्या बाईनं स्वतःला शाकाहारी म्हणवून घ्यावं, याहून मोठं पाप आमच्या माहेरी नसेल. वडिलांच्या कानावर गेलं तर ते पायताण काढतील. रविवारी सकाळी गल्लीत घरोघरी कुकरच्या शिट्ट्या आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास, यात मी वाढले. आणि गेली काही वर्षं जर्मनीत, एर्लांगेनमधल्या या इमारतीत आम्ही 'ते शाकाहारी भारतीय' म्हणून राहतोय. आम्ही म्हणजे नवरा, मी आणि सात वर्षांची मुलगी. तिघंही मटणाला सोकावलेले.

ही सगळी भानगड सुरू झाली ती एका पातेल्यावरून.

आमच्या खालच्या मजल्यावर एक स्पॅनिश आजी राहतात. तरुणपणी नवऱ्याबरोबर इथल्या कारखान्यात कामाला आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा गेला, मुलगा स्पेनला परत गेला, आजी राहिल्या. त्यांच्या जर्मनमध्ये निम्मं स्पॅनिश, माझ्या जर्मनमध्ये निम्मं इंग्लिश, आणि अडलं की सरळ मराठी. त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून छान जमलं.

आम्ही राहायला आलो त्या हिवाळ्यात, अजून खिडक्यांना पडदेही लागले नव्हते, तेव्हा आजी दोन्ही हातांत भलं मोठं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. ओया पोद्रीदा, त्या म्हणाल्या. त्यांच्या गावाकडचा रस्सा. झाकण काढून लग्नघरात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी एकेकाची ओळख करून द्यायला लागल्या. हा राजमा, खास गावाहून आणवलेला. हा डुकराचा कान. हा पाय. ही बरगडी. आणि ही काळी सॉसेज, रक्त आणि भात भरलेली, ही नसली तर काही खरं नाही.

आता आमचं कसं आहे, कोंबडी चालते, बोकड चालतो, मासे तर विचारूच नका. डुक्कर नाही, गाय नाही. का नाही, ते मला मराठीतही धड सांगता येत नाही, जर्मनमध्ये काय कपाळ सांगणार? मी अजून वाक्य जुळवतेय तोवर नवऱ्यानं संध्याकाळच्या क्लासात नुकतंच शिकलेलं वाक्य फेकलं. "वीर झिंट व्हेगेटारिअर." आम्ही शाकाहारी आहोत.

"काहीच नाही? अगदी कोंबडीसुद्धा नाही?" आजींनी विचारलं.

"गेनाऊ," नवरा म्हणाला. अगदी बरोबर. आणि मी, मेलीनं, मान डोलावली.

आजींनीच आमची माफी मागितली. न विचारता असलं दारात आणलं म्हणून दोनदा मागितली आणि पातेलं घेऊन खाली गेल्या. दार लावल्यावर आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. सुटलो बाबा! एका वाक्यात काम झालं होतं.

सुटलो कसले. त्याच आठवड्यात आजी परत वर आल्या, हातात एक छोटं निळं पातेलं. कोरं. दुकानातला स्टिकर पुरता निघाला नव्हता, आणि कानाला लाल दोरा बांधलेला. तोच राजमा, कोबी, गाजर, बटाटा, वरून त्यांच्याकडची धुरी दिलेली लाल मिरचीपूड. "माझ्या सगळ्या भांड्यांत डुक्कर शिजलंय," आजी म्हणाल्या, "म्हणून हे वेगळं घेतलं. चमचाही वेगळा. दोरा बांधलाय, म्हणजे माझ्याकडून चुकून दुसरं काही यात शिजायचं नाही. वरच्या फळीवर ठेवते."

माझ्या आजेसासूबाईंनंतर इतकं कडक सोवळं मी कुणाचं पाहिलं नव्हतं. आणि ते कुणासाठी, तर आमच्यासाठी! आमच्या फ्रीजरमध्ये तेव्हा कोंबडीच्या तंगड्या होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आजी टेबलाशी बसल्या होत्या. ही त्यांची पद्धत, पातेलं आणलं की पहिला घास आपल्यासमोर पोटात गेलेला बघायचा, मगच उठायचं. आम्ही खाल्लं. चव तर झकास होती. नवऱ्यानं विषय काढायचा म्हणून नावाचा अर्थ विचारला. "पोद्रीदा म्हणजे कुजकं," आजी म्हणाल्या, तसा नवऱ्याचा चमचा हवेतच राहिला. आजी खोखो हसल्या. इतका वेळ शिजवायचं की सगळं एकमेकांत विरघळून जातं, म्हणून कुजकं. काही जण म्हणतात मूळ शब्द कुजकं नव्हताच, ताकदवान होता. कोण जाणे. आता तर कशाचाही काला झाला की त्याला हेच नाव, मग तो कपाटातला पसारा असो की कुणाचं भरकटलेलं भाषण. आमच्यात खिचडीचं असंच झालंय, असं मी सांगितलं, तर आजींना कोण आनंद झाला! "एका पातेल्यात गेलं की वेगळं काही राहत नाही," त्या म्हणाल्या. "सगळे एकमेकांची चव घेतात. म्हणूनच तर मांस नसलं की..." आणि तिथंच थांबल्या. "पण हेही छान होतं," म्हणाल्या.

पुढं दर हिवाळ्यात, थंडी पडली की ते निळं पातेलं वर यायला लागलं. आणि आम्ही आमच्याच घरात चोरासारखे राहायला लागलो. तुर्की दुकानातून मटण आणायचं ते कोथिंबिरीच्या जुड्यांखाली दडवून. रविवारी मसाला परतायचा तर आधी जिन्याकडच्या दाराच्या फटीला टॉवेल लावायचा, मग पंखा, मग खिडकी. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं. जिन्यात पाऊल वाजलं की मी गॅस बारीक करायची, जणू आवाजावरून कळणार होतं आत काय शिजतंय ते.

एकदा सोमवारी जिन्यात आजी भेटल्या आणि म्हणाल्या, "काल तुमच्याकडे कसली भाजी होती गं? असा वास सुटला होता, मी खिडकी उघडून उभी राहिले." मी मटारच्या उसळीची कृती सांगितली. त्यांनी ती कागदावर उतरवून घेतली, करूनही पाहिली. "माझ्या हाताला ती चव नाही येत," म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी तोंड उघडलं नाही.

कारण तोवर मुलगी त्यांची झाली होती. दुपारी शाळेनंतरच्या पाळणाघरातून आजीच तिला आणायच्या. मी सायकल हाणत घरी येईपर्यंत ती त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्यांना आबुएला म्हणते, म्हणजे स्पॅनिशमध्ये आजी. कोल्हापूरची आजी फोनच्या पडद्यावरची, आबुएलाची मांडी मात्र खरी. हे नातं मोडलं तर पोरीचं दुसरं घर मोडणार, याची मला भीती होती. म्हणून मी पोरीला नीट समोर बसवून सांगितलं होतं, "आपण काय खातो ते आबुएलाला सांगायचं नाही. कधी म्हणजे कधीच नाही." आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण बोलते जर्मन; मलाही इथल्या मुलांसारखं आई नाही, 'मामा' म्हणते. "ओके मामा. नी," म्हणाली. कधीच नाही.

या वर्षी आजींचा ऐंशीवा वाढदिवस झाला. चर्चच्या हॉलमध्ये, नवऱ्याच्या वेळचे जुने स्पॅनिश सोबती बोलावले होते. मुलगा गावाहून काळ्या सॉसेज घेऊन आला होता. कितीतरी दिवस आजी म्हणत होत्या, ओया करणार, पंचवीस माणसांचा. मला बरं वाटलं. निदान या दिवशी तरी त्या आपलं स्वतःचं पोटभर जेवतील.

आजींनी झाकण काढलं. आत राजमा, कोबी, गाजर. कान नाही, पाय नाही, काही नाही. एक म्हातारेबाबा, आजींच्या नवऱ्याबरोबर कारखान्यात असलेले, डाव घालून तळ ढवळायला लागले, हरवलेला चष्मा शोधावा तसे. "आज उपास आहे की काय?" त्यांनी विचारलं. आजींनी त्यांच्या हातून डाव काढून घेतला. "माझ्या वरच्या मजल्यावरच्या मुलांना मी माझ्या वाढदिवसाला वेगळ्या पातेल्यातलं वाढू? आज सगळे एकातलंच खाणार."

आणि सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं. ऐंशीव्या वाढदिवसाला आजींनीही कोबी खाल्ला. मुलानं आणलेल्या सॉसेज त्यांच्या घरी फ्रीजरमध्ये पडून होत्या. धरणीमाय दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते मला त्या हॉलमध्ये कळलं.

तेवढ्यात त्या म्हातारेबाबांनी आमच्या पोरीला जवळ बोलावलं, खिशातून चांदीच्या कागदात गुंडाळलेला सॉसेजचा तुकडा काढला आणि डोळा मिचकावून पुढं केला. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नाइन, डांके. आम्ही प्राणी खात नाही. त्यांनाही दुखतं." शेवटचं वाक्य आम्ही शिकवलेलं नव्हतं, ते तिनं पदरचं घातलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं त्या हाताखालून माझ्याकडे पाहिलं, बरोबर केलं ना, अशा नजरेनं. मागच्याच रविवारी या पोरीनं नळी चोखून चोखून ताटावर आपटली होती.

घरी आल्यावर मी नवऱ्यावर भडकले. "तुझ्या एका गेनाऊपायी हे सगळं!" तो म्हणाला, "आणि मान कुणी डोलावली?" खरं होतं ते. "जाऊ दे ना आता," तो म्हणाला, "या वयात कशाला त्यांना दुखवायचं?" मला वाटलं, हा त्यांची काळजी करतोय की स्वतःची लाज झाकतोय? आणि मी इतके दिवस काय वेगळं करत होते?

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मी खाली गेले. आजी हॉलवरून आणलेलं मोठं पातेलं घासत होत्या. मी पाठ केलेलं जर्मन एका दमात म्हणून टाकलं. आम्ही शाकाहारी नाही. कोंबडी खातो, बोकड खातो. डुक्कर आणि गाय तेवढी नाही. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो.

आजी हसायला लागल्या! "काल त्या म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं ते तू पाहिलंस. मला माझं मांस घालता यावं म्हणून सांगतेयस. फार मायाळू आहेस गं पोरी." मी शपथ घेतली, हातापाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांनी साबणाचा हात झटकला. "थांब, हिलाच विचारते. मुलं खोटं नाही बोलत." आणि पोरीकडे वळल्या. "सांग बरं राणी, तुम्ही घरी मांस खाता?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग आजींकडे. पापणीसुद्धा न हलवता म्हणाली, "नाइन, आबुएला. नी." नाही, कधीच नाही.

"बघ," आजी मला म्हणाल्या.

"अगं, खरं सांग आता," मी मराठीत म्हणाले. "सांग त्यांना, आपण मटण खातो म्हणून."

तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आणि नेहमीसारखं, मी मराठीत बोलले त्याचं उत्तर तिनं खणखणीत जर्मनमध्ये दिलं. "पण मामा, तूच तर म्हणालीस, आबुएलाला कधीच सांगायचं नाही!"

आजींनी नळ बंद केला. त्या खुर्चीवर बसल्या. त्या चिडल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर मी उभी तरी राहू शकले असते. पोरगी हमसून रडायला लागली, माझं काय चुकलं म्हणून विचारायला लागली. आजींनी तिला ओल्या हातांनीच जवळ ओढलं. "तुझं काही चुकलं नाही. आईनं सांगितलं तसं केलंस." मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी काय केलं असतं गं? कोंबडी घातली असती."

एवढंच. कोंबडी घातली असती. इतकं सोपं होतं ते.

पोरीला त्या अजूनही आणतात. पहिल्यासारखंच तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतात. मला जिन्यात भेटल्या की थंडीबद्दल बोलतात.

गेल्या शनिवारी बेल वाजली. दारात आजी, हातात तेच निळं पातेलं. कानाला दोरा नव्हता. झाकण जरा कलतं होतं आणि राजम्यातून कोंबडीची तंगडी वर आलेली दिसत होती. मी "या ना आत, बसा," म्हणत दोन्ही हात पुढं केले. आजींनी मला वळसा घालून पातेलं मुलीच्या हातात दिलं. "गरम आहे, सांभाळ हं," तिला म्हणाल्या. आणि पहिला घास बघायला न थांबता जिना उतरून गेल्या.