दाजींची आठची जीप

दाजी फौजेतून रिटायर होऊन आले, तेव्हा मी माझी बाळापूर-डोंगरकडा जीप त्यांच्या हाती दिली. त्यांनी आता घरी राहावं, एवढीच ताईची इच्छा होती.

आमच्याकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही. दाजींनी पहिल्याच दिवशी आठच्या ठोक्याला दोनच सवाऱ्या घेऊन गाडी काढली.

"दाजी, ही काय फौजेची गाडी हाय का? रिकामी काहून नेऊन राहिले?" मी स्टँडवर चारचौघांत ओरडलो. त्यांनी गिअर टाकला आणि निघाले. संध्याकाळी ताई म्हणाली, "महिना झाला की हे वॉचमनकी करायला पुण्याला जातो म्हणतेत." माझ्या तोंडाची मलाच लाज वाटली.

धीर करून माफी मागायला जाईपर्यंत आठवडा गेला. बघतो तर आठच्या आधीच जीप गच्च! "ही थांबत न्हाई बाबा, म्हणून पळत आले," एक मावशी म्हणाली.

"दाजी, चुकलं माझं. पुण्याला नका जाऊ."

"मंग ह्या लोकायला कोण नेईल? तुमी?" दाजी हसले. "चला मेव्हणे, टाइम झाला. मालक असले तरी जागा न्हाई, मागं लटका."

मी लटकलो आणि डोंगरकड्यापर्यंत हसत गेलो.