तारा उतरवल्या होत्या

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हांला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही – ओळखत असतात, तर मी एव्हाना विषय बदलला असता.

गोष्ट तंबोऱ्याची आहे. माझ्या वहिनींच्या. त्या अक्कलकोटकडच्या. वडील देवळात भजन करायचे. लेकीला सासरी धाडताना त्यांनी भांड्यांबरोबर तंबोराही दिला. सोलापुरात आमच्या घरी तो आला तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, "घरात भोपळा आला, आता विळी सांभाळा." दादा मिलच्या कचेरीत कारकून होता आणि त्याचे विनोद असेच असत. वहिनी सकाळी चूल पेटवण्याआधी तंबोरा घेऊन हळू आवाजात गायच्या. तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. मला सूर कळला तो त्यांच्यामुळे.

मी मॅट्रिक झालो आणि पुण्याला कॉलेजात जायचं ठरलं. तिथे एका गवयांकडे शिकायचं मनात होतं. त्यांची अट अशी, की तंबोरा ज्याचा त्याने आणायचा. मी हे घरात नुसतं बोललो. मागितला नाही – असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण वहिनी ऐकत असताना बोललो, त्याला काय म्हणायचं?

"भावजी, माझा न्या की," वहिनी म्हणाल्या. "दिवाळीला येताना परत आणा म्हणजे झालं."

बांधला त्यांनीच. आधी तारा उतरवल्या – एकेक खुंटी पिळून, तार लोंबेपर्यंत. ताण राहिला आणि गाडीत दणका बसला तर भोपळा दांडीच्या सांध्याशी तडकतो, हे मला समजावून सांगितलं. मग भोपळ्याभोवती मिलमधलं वाया गेलेलं सूत, त्यावर दोन चादरी, वरून सुतळी. वहिनींनी बांधलेलं सुटत नाही, अशी आळीत ख्याती होती. लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला फडक्याचे दादरे बांधायला शेजारणी त्यांना बोलावून नेत. दादरा गायचाही त्यांनीच आणि बांधायचाही त्यांनीच, असं आम्ही चिडवायचो.

"आडवा टाकू नका," त्यांनी बजावलं. "उभा धरा, लेकराला धरतात तसा."

मी धरला. पॅसेंजर गाडी खचाखच भरलेली. माळशिरसकडचा एक मेंढपाळ शेजारी होता, खांद्यावर घोंगडी. "ह्यात काय हाय वो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, भोपळा. "येवढा गुंडाळून? लई गोड असंल की!" डबाभर हशा झाला. पण तो उठला, खाली बसला आणि आपली जागा त्याने भोपळ्याला दिली. पुण्याला खोलीवर गेल्यावर मी सुतळी सोडली. तंबोऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

हो, नव्हता. तुम्हांला वाटलं असेल, मी तो फोडला. फोडला असता तर बरं झालं असतं – तो निदान अपघात झाला असता.

दिवाळीपर्यंत मला त्याची सवय झाली. मित्र ऐकायला येऊ लागले. गवयांनी एकदा विचारलं, "आवाज गोड आहे, कुणाचा हा तंबोरा?" आणि मी म्हणालो, "माझा." म्हणताना जीभ अडखळली नाही.

दिवाळीला मी रिकाम्या हातांनी सोलापूरला उतरलो. वहिनी दारात आल्या. माझ्याकडे नाही – माझ्यामागे टांग्याकडे पाहिलं त्यांनी.

"तडकला," मी म्हणालो. "जातानाच, गाडीत."

त्या रडल्या नाहीत. "मग तसाच आणायचा की. मिरजेला सांधून देतात." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पार चुरा झाला, टाकून दिला, असं काहीतरी बोललो. त्या म्हणाल्या, "तारा उतरवल्या होत्या ना मी?"

इथेच. "हो वहिनी, उतरवल्या होत्या" – एवढं म्हणालो असतो, तरी माझं खोटं खपलं असतं. हमालावर ढकलता आलं असतं, गाडीवर ढकलता आलं असतं. पण त्या आणखी काही विचारतील, अशी धास्ती वाटली. मी म्हणालो, "एक राहिली होती वाटतं."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं. आतून दादा ओरडला, "फुटला एकदाचा भ्रमाचा भोपळा!" आणि मी हसलो. हेही सांगायला हवं – हसलो.

दुसरा तंबोरा वहिनींनी कधी मागितला नाही. सकाळचं गाणं थांबलं. पण तेवढ्यावर भागलं नाही. दाराला कुलूप लावून त्या कोपऱ्यावरून परत यायच्या, ओढून बघायच्या. बरणीचा दादरा बांधायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. शेजारणी हळूहळू बोलावेनाशा झाल्या. मी सुट्टीत येऊन हे सगळं पाहायचो आणि पुण्याला जाऊन त्याच तंबोऱ्यावर रियाज करायचो. वाईट वाटायचं का? वाटायचं. गाणं मात्र चांगलं व्हायचं.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, पुण्यातच बिऱ्हाड केलं. पहिल्या मुलाच्या बारशाला वहिनी आल्या. त्या येणार म्हणून आदल्या दिवशीच मी तंबोरा शेजाऱ्यांकडे ठेवून आलो. गर्दीत धक्का लागायला नको, असं बायकोला सांगितलं. तिलाही ते पटलं.

घरात वडीलधारी बाई वहिनीच. पाळणा टांगायची वेळ झाली तेव्हा बायको म्हणाली, "जाऊबाई, दोरी तुम्हीच बांधा. आणि पाळणाही तुम्हीच म्हणा."

वहिनींनी दोरी हातात घेतली. तिला पीळ दिला, एक गाठ मारली, सोडली. मग दोरी शेजारच्या बाईंच्या हातात दिली.

"मी नको," त्या म्हणाल्या. "लेकरू निजणार आहे त्यात. माझ्या हातचं राहत नाही."

बायका म्हणाल्या, काहीतरीच काय! मी दारातच होतो, घुगऱ्यांची परात घेऊन. एक वाक्य पुरलं असतं. बाहेर पुरुषमंडळी बसली होती. मी त्यांना घुगऱ्या वाटायला गेलो.