सोळा पानं कमी

मी प्रस्तावना लिहिली तेव्हा कादंबरीची पहिली बावीस पानं वाचली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. आता निबर झालोय, लाज कमी वाटते.

लेखक म्हणजे आमचे मास्तर. मूळचे नाशिकचे. सिल्वासाच्या सूत कारखान्यात ते क्वालिटीला होते आणि मी स्टोअरला. पण लोक त्यांना ओळखत ते चालींमुळे. नव्वदीच्या आसपास आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत जे काही गायलं जाई, त्याची चाल त्यांची. लग्नातली मंगलाष्टकं त्यांची. कंपनीच्या वर्धापनदिनाचं गीतसुद्धा त्यांचं; शब्द मात्र मॅनेजरसाहेबांचे होते, आणि ते असे की चाल लावणाऱ्याला पदकच द्यायला हवं होतं. कारखान्याच्या गलोंडा गावातल्या शेडमधली धुळ्याकडची पोरं मशीनवरून बॉबिन काढताना मास्तरांच्याच चाली गुणगुणत.

आणि या माणसाने कादंबरी लिहिली. पाच वर्षं, गुपचूप, सेकंड शिफ्टला जाण्याआधी. मंडळात बातमी फुटल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की गाण्याबद्दलच असणार, दुसरं काय लिहितील! मी मंडळाचा सचिव, म्हणून प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली. बाड घरी आलं, फ्रीजवर जाऊन बसलं, त्यावर भाजीच्या रिकाम्या पिशव्या साठल्या. मग वापीचा छापखानेवाला खोळंबलाय असा निरोप आला तेव्हा मी एका बैठकीत ठोकून दिलं, 'या कादंबरीच्या पानापानांतून सूर निनादतात.' वाक्य मला इतकं आवडलं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं. कादंबरी कशाबद्दल आहे, असं तिने विचारलं. मी चहा मागितला.

प्रकाशन मंडळाच्या हॉलमध्ये झालं, शाल-श्रीफळासकट. मी प्रस्तावनेतलंच बोललो, मग वापीहून बोलावलेले एक प्राध्यापक अर्धा तास बोलले. शेवट मोकळा सोडण्याचं धाडस मराठीत फार थोड्यांनी केलंय म्हणाले. टाळ्या पडल्या. मास्तर दोन शब्द बोलायला उभे राहतायत तोच मागून फर्माईश आली, गाणं होऊ द्या. पेटी तिथे होतीच, मीच आणवली होती. गायले बिचारे. जाताना प्रत्येकाने एकेक प्रत सही करून नेली, उरलेल्या महिनाभरात गेल्या, आणि घरोघरी शोकेसमध्ये कपबशांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

चार-पाच महिन्यांनी मास्तर स्टोअरला आले. त्यांना सॅम्पलच्या पिशव्या हव्या होत्या. त्या घेऊन झाल्यावर दारातून मागे फिरले आणि कादंबरीचा शेवट कसा वाटला म्हणून विचारलं.

मी म्हणालो, "अप्रतिम. त्या दिवशी जेवण गेलं नाही."

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून त्यांचंच पुस्तक ठेवलेलं होतं. त्यांनी ते उचललं, शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. 'तिने कडीला हात लावला आणि'. बस्स. पुढे पूर्णविरामसुद्धा नाही.

वापीला सोळा-सोळा पानांच्या घड्या करून पुस्तक शिवत. शिवणाऱ्याकडून शेवटची घडी राहून गेली होती, तीनशेच्या तीनशे प्रतींत. मास्तरांना हे प्रकाशनाच्या आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. छापखानेवाल्याने राहिलेल्या घड्या बांधून पाठवून दिल्या. शेवट मागायला जो येईल त्याच्या हातात सोळा पानं ठेवायची, असं मास्तरांनी ठरवलं आणि वाट बघत बसले.

"या वर्षात पेटी शिकायला एकवीस जण घरी आले," ते म्हणाले. "शेवट मागायला एकही नाही. आणि तुम्ही लिहिलंत सूर निनादतात. अहो, माझ्या पुस्तकात कोणी गातच नाही. एक ओळसुद्धा नाही. मुद्दाम."

एक बेअरिंग कमी आलं तर अख्खा माल परत पाठवणारा माणूस मी. मास्तरांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक घडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आधीचं वाचा आणि मग हे वाचा, एवढं सांगून गेले.

दोन रविवार घालवून वाचलं. खेरडीच्या रस्त्यावर एकट्या कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बाईची गोष्ट. नवरा फिटर, नऊ वर्षांपूर्वी टाकून गेलेला. खानावळ बरी चाललीय असं कानावर आल्यावर तो परततो. ती त्याला पंगतीत बसवते, पोटभर वाढते, आणि ताट उचलताना बाकीच्यांसारखं त्याच्याकडेही कूपन मागते. तिथे मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आणि माणसं बोलतात कशी, तर थेट आमच्या शेडमधल्यासारखी, अर्धं खान्देशी, अर्धं गुजराती. शेवटी तो दार ठोठावतो. ती कडी काढते, पण त्याला आत घेत नाही. सकाळी भाकऱ्या थापायला माणूस हवाय, येणार का, असं विचारते. आजही सांगतो, इतकं खरं मी दुसरं काही वाचलेलं नाही.

सोमवारी थेट त्यांच्या घरी गेलो. गणपती जवळ आले होते, मंडळाच्या बायकांची तालीम चालू होती. मी दारातूनच बोलायला लागलो. कूपन, कडी, भाकऱ्या, तो फिटर, सगळं. बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान बोलता तुम्ही. प्रकाशनातही छान बोललात."

मी पानांचे आकडे सांगितले. कुठल्या पानावर थांबलो तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पेटीचा भाता ओढला आणि बायकांना मुखडा पुन्हा घ्यायला सांगितला. पुढे त्यांनी चाली पुष्कळ केल्या, लिहिलं मात्र काही नाही. त्यांना एक वाचक मिळाला होता. पण तो मी होतो, म्हणून त्यांना ते खरं वाटलं नाही.