बेटावर बोलायला बंदी

लग्न होऊन मी भिवंडीजवळच्या खाडीकाठच्या गावात आले आणि तिथल्याच शाळेत शिकवायला लागले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, होडी चालवायचे. खाडीच्या मधोमध तिवरांनी गच्च भरलेलं एक लहानसं बेट होतं. पावसाळ्यात तिथं बगळे आणि पाणकावळे घरटी बांधायचे. श्रावणात पाऊस उघडला की शहरातली माणसं सहलीला यायची आणि मामंजी त्यांना बेटावर घेऊन जायचे.

मामंजींचा आवाज असा की ते अंगणात खोकले तरी पलीकडच्या आळीतल्या म्हशी कान टवकारायच्या. होडी बेटाला लागायच्या आत निम्मे पक्षी उडालेले असत. मग सहलीची माणसं ट्रान्झिस्टर लावायची, फांद्या हलवायची. अंडी खाली पडायची आणि उघड्या घरट्यांवर कावळे तुटून पडायचे.

मला ते बघवेना. नवी सून सासऱ्यांना काय सांगणार? म्हणून मी वर्गात सांगितलं. मुलांना काठावर नेऊन लांबून घरटी दाखवली, आईबाप उडाले की पिल्लांचं काय होतं ते समजावलं. आठवडाभरात मुलं धक्क्यावर उभी राहून मामंजींनाच दटावू लागली, "आबा, हळू बोला. पिल्लं हायेत."

त्या दिवशी ते घुश्शातच जेवायला बसले. "मास्तरीणबाय, आता खाडीत बोलायला पन शाळेला इचारायचं काय?"

"बोला ना मामंजी," मी भाकरी वाढत म्हटलं. "पण पक्षीच राहिले नाहीत, तर लोक तुमच्या होडीत बसून काय बघायला जातील?"

 दुसऱ्या दिवशी त्यांनी धक्क्यावर नियम जाहीर केला. बेटावर उतरायचं न्हाय, होडीतूनच बघायचं, ट्रान्झिस्टर बंद, तोंड बंद. पलीकडच्या काठालाही तो नियम तेव्हाच कळला असणार.

शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, बंद असायचे. त्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी धक्क्यावर गेले, तर लूमवरचे पाच-सहा कारागीर होडीत बसत होते. मामंजींनी मला बाजूला घेतलं.

"सगळा दिस खटखटीत राहनारी मानसं. ही काय गप बसनार? तूच चल संगती."

बेट जवळ आलं तसे ते सगळे एकदम गप्प झाले. एकानं भुवई उडवून एक फांदी दाखवली. दुसऱ्यानं बोटांची चोच केली. तिसरा नुसते ओठ हलवून काहीतरी म्हणाला आणि बाकीचे आवाज न करता हसले. लूमच्या गोंगाटात ऐकू काही येत नाही, म्हणून शिफ्टभर ही माणसं हातांनी आणि ओठांनीच बोलायची. एकही पक्षी जागचा हलला नाही. बगळ्याचं पिल्लू आईची चोच धरून ओढत होतं, ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

मामंजींना राहवलं नाही. "बघा, भरवतंय," ते कुजबुजले. निदान त्यांच्या मते ते कुजबुजणं होतं. सगळे मोठे पक्षी भर्रकन उडाले.

 मग होडीतला एक वयस्कर कारागीर अगदी हळू म्हणाला, "चचा, आप भी दो दिन लूम पे आ जाओ."

आता मामंजी भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तोंडावर पंचा दाबला आणि खांदे हलेपर्यंत हसले. होडी हळूच मागे घेतली, तसे पक्षी एकेक करून घरट्यांवर परतले.

पुढच्या शुक्रवारी तेच कारागीर आणखी माणसं घेऊन आले आणि नियम त्यांनीच समजावून सांगितले. भरतीची वाट बघता बघता धक्क्यावरच्या मुलांना त्यांनी आपल्या खुणा शिकवल्या. परिणाम माझ्या वर्गात दिसला. मुलं तासभर हातांनी गप्पा मारायची आणि मला एकालाही पकडता यायचं नाही. मुख्याध्यापकांनी वर्गाच्या शिस्तीचं कौतुक केलं, ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात बगळ्यांनी बेटाच्या अगदी कडेच्या, पाण्यावर वाकलेल्या फांद्यांवरही घरटी बांधली.