चार हजार टिकल्या आणि एक बोट

ती दुपार डोक्यातून जातच नाही, म्हणून एकदाची लिहून टाकतो. मी निवृत्त आहे, पण म्हातारा नाही हं! चौतिसाव्या वर्षी स्वतःच राजीनामा देऊन बाहेर पडलो. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

तेव्हा मी तलासरी तालुक्यात सब-इन्स्पेक्टर होतो. समुद्रकाठच्या झाई गावातल्या एका चिकूवाडीतून विहिरीवरची मोटार चोरीला गेली. मंगळवारी, बारा ते दोनच्या मध्ये, राखणदार जेवायला गेला तेव्हा. बुधवारी जाऊन पंचनामा केला, धक्क्यावर चार लोकांना विचारलं. संध्याकाळी खबऱ्याचा फोन. "साहेब, तो बोटीवरचा खलाशी, त्यानेच नेली. पक्की खबर." गुरुवारी दुपारी उचलला त्याला. हो, मीच उचलला. लपवायचं कशाला?

"मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

"समुद्रात."

"साक्षीला कोण?"

"काका. दोघं चुलतभाऊ."

"सगळे घरचेच!"

"मग बोटीवर काय शेजारचे घेऊन जाऊ, साहेब?"

हवालदार हसला, मी नाही हसलो. दोन तास उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी वाढवतो. हा एक शब्द वाढवत नव्हता. तिथेच मला पहिल्यांदा खटकलं.

त्याची आई ठाण्याच्या पायरीवर बसून होती. सुकी मासळी विकणारी बाई. म्हणाली, "बर्फाच्या कारखान्यावर कॅमेरा आहे, धक्क्याकडे तोंड करून. त्यात बघ की!"

कॅमेरा दर मिनिटाला एक फोटो काढायचा. मालकाने पेनड्राइव्ह दिला, तीन दिवसांचे चार हजारांवर फोटो. आणि घड्याळ कुणी लावलेलंच नाही! फोटोवर भलतंच वर्ष, भलतीच वेळ. म्हणजे सगळेच बघायचे. ठाण्याचा कॉम्प्युटर एकेक फोटो उघडायला वीस सेकंद घ्यायचा, आणि शुक्रवारी दुपारी तर त्या खलाशाला डहाणूच्या कोर्टात हजर करायचं होतं. मोठ्या साहेबांना आणखी कोठडी मागायची होती.

शुक्रवारी सकाळी सातला मी कॉम्प्युटरला हुकूम टाइप करून द्यायची काळी स्क्रीन उघडली. फोटो उघडायचेच नाहीत, एका ओळीत सगळ्यांच्या छोट्या प्रती करायच्या. 'lahan' नावाचं फोल्डर केलं आणि टाइप केलं:

mogrify -path lahan -thumbnail 150x *.jpg

हे कुणालाही जमेल. फक्त ते -path, म्हणजे 'छोट्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये टाक', विसरू नका! मी पहिल्यांदा घाईत विसरलो, तर छोटे फोटो थेट मोठ्यांवरच लिहिले गेले. कॉम्प्युटरवर नुसती नक्कल होती म्हणून वाचलो. पेनड्राइव्हवरून परत नक्कल घेतली, पेनड्राइव्ह सील केला, मग नीट चालवलं. साडेदहाला सगळे तयार. एकेका पानावर शंभर मांडले, प्रत्येकाखाली त्याचा नंबर.

साहेब डोकावले. "ह्या टिकल्या कोर्टात दाखवणार? मोठं कर रे, चेहरा दिसला पाहिजे."

"आधी सापडू द्या, साहेब. मग मोठं करतो."

आईला आत बोलावलं. "मावशी, फार लहान आहेत. दिसतंय का?"

"अरे, आम्हाला बोट रोज एवढीच दिसते," तिने करंगळीचं नख दाखवलं. "जवळ आल्यावर मग काय ओळखायचं?"

आणि सुरू झाली. "ही नाही. ही नाही. हिचा झेंडा पुढे, ही शेजाऱ्यांची... थांब! ही आमची. पुढे उभा तो माझा. दोर डाव्या हाताने धरतो."

त्या नंबरचा मूळ फोटो उघडला. चेहरा स्वच्छ! बोट निघताना एक, परतताना एक. पण वार कुठला? दहा-बारा पानांनंतर तीच म्हणाली, "आणि हा तू. जीप लावून पापलेटचा भाव विचारतोयस."

माझी जीप! बुधवारी धक्क्यावर किती वाजता पोचलो त्याची नोंद स्टेशन डायरीत होती. तिथून एकेक मिनिट मागे मोजत गेलो. बोट मंगळवारी सकाळी नऊला निघाली, साडेचारला परतली. दोन्ही वेळा तो बोटीवर.

साहेब म्हणाले, "मधे दुसरीकडे उतरला असेल."

"असेल तर ते आपण दाखवायचं, साहेब. त्याने नाही."

खबऱ्याला फोन केला. "तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"मी नाही... लोक बोलत होते."

पक्की खबर ती एवढीच!

"पुरावा मिळाला नाही, एवढंच लिही," साहेब म्हणाले. "त्या टिकल्या, ती कॉम्प्युटरची ओळ, काही नको. उद्या विचारतील, उचलायच्या आधी का नाही बघितलं?"

"विचारू देत. मलाच विचारतील ना!"

केस डायरीत मी सगळं लिहिलं. घड्याळ, जीप, कॉम्प्युटरची ती ओळ, मावशीने ओळखलेली बोट, आणि खबर न तपासता मी अटक केली, हेसुद्धा. कोर्टात कोठडी मागितली नाही. पोरगा जातमुचलक्यावर सुटला. पुढे मोटार दुसऱ्याच माणसाकडे सापडली.

कोर्टाच्या व्हरांड्यात मावशीने माझे आभार वगैरे मानले नाहीत. म्हणाली, "पुढच्या वेळी आधी बघ, मग उचल." सगळ्या नोकरीत मला एवढं सरळ कुणी शिकवलं नाही.

साहेबांनी नंतर दोनदा सांगितलं, ते पान बदल. बदललं नाही. माझी बदली झाली, मी नोकरी सोडली, पण त्या डायरीत ती ओळ तशीच आहे, -path सकट.