उत्तरांचं पान चुलीत गेलं तेव्हा

या, जरा जवळ सरका. रोज इथं सगळ्यांचे किस्से वाचता, अन् स्वतःचं लिहा म्हटलं की गायब होता... बरं नाही हे. चला, आज मीच लिहिते.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध, अंगात येणं, बाहेरचं लागणं आमच्यात कोणी मानत नाही. जामसांवलीचं हनुमानाचं देऊळ जवळच, बाहेरचं लागलेल्यांना तिथं आणत, अन् लोक तिथलं काय काय सांगत. मी ऐकायची अन् सोडून द्यायची.

सौसरची गोष्ट, मध्य प्रदेशातल्या आमच्या गावची. साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल. मी शाळेत चपराशी होते. शिक्षण दुसरीपर्यंत. पुढचं वाचणं माझं मीच शिकले — ओळीखाली बोट ठेवून. धाकटा भाऊ मिलिंद फौजेत अफसर व्हायचं म्हणून परीक्षा देत होता. निवड भोपाळला व्हायची; एकदा तिथल्या बुद्धिचाचणीत नापास होऊन परत आलेला. आता शेवटची संधी, पुढं वयात बसत नव्हता.

त्यानं सरावाचं जुनं हिंदी पुस्तक आणलं. आकड्यांच्या रांगा, आकृत्या, पुढे काय येईल ते ओळखा. त्याला मोह नको म्हणून मी उत्तरांचं पान फाडून चुलीमागच्या फळीवर ठेवलं... अन् आईनं त्यानंच चूल पेटवली.

"आता चेक कोण करन, ताई?"

"मी पाहीन ना."

"तुले बेरीज तरी येते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची उत्तरं वाचायला बसले. चौथ्यावर बोट थांबलं. पुढं सरकेच ना... कोणी नखावर दाबून धरल्यासारखं. मिलिंदनं ते परत सोडवलं. चूकच होतं. आठवडाभर तसंच — जिथं बोट अडे, तिथं चूक निघे.

"पान पाठ केलं होतं काय तू?"

"भल्या माणसा, मले माह्या जन्माचं साल धड माहीत नाही, दोनशे उत्तरं कुठून पाठ करू?"

तोही हट्टी. पांढुर्ण्याच्या एका रिटायर सुभेदारांकडून दुसरं पुस्तक आणलं. मी पाहायच्या आधीच त्यानं उत्तरांची पानं सुईदोऱ्यानं शिवून टाकली. पन्नास प्रश्न सोडवले. माझं बोट सात जागी अडलं. शिवण उसवली... तेच सात चूक.

मी खूश, आता हा पास. तो मात्र म्हणाला, "ताई, तिथं तुहं बोट येणार हाय काय? उद्यापासून अडलं तरी सांगू नको. माही चूक मलेच सापडली पाहिजे."

महिनाभर बोट अडलं की मी ते उचलून पुढच्या ओळीवर ठेवायची, तोंड बंद. तो एकेक पेपर तीन-तीनदा सोडवून राहिला होता. अडणं सातावरून चारावर आलं, मग दोनावर. भोपाळला जायच्या सकाळी बोट पन्नास ओळींवरून सरळ निघून गेलं. मला वाटलं, जे होतं ते गेलं. उत्तरं उघडून पाहिली, एकही चूक नव्हती.

तो निवडला गेला. माझं बोट त्यानंतर कधी अडलं नाही. काहून अडत होतं, मला आजही सांगता येत नाही. मिलिंदला विचारलं तर म्हणतो, "तू महिनाभर सांगितलं नाही ना ताई, त्याच्यानं पास झालो मी."

तो दिवाळीला इकडंच असतो. तुम्हीही या सौसरला, लवकर या... समोर बसून विचारा त्याला.