साळूबाईने घेतलेलं तीर्थ

आटपाडीच्या माळावर साळूबाईचं घर तसं एकटंच. वाटेने जाणाऱ्या कुणालाही ती आधी पाणी विचारी, मग नाव. नवरा लवकर गेला. एकुलता अर्जुना लष्करात भरती झाला आणि १९९४ साली मेढ्याच्या डोंगरावरच्या ठाण्यात त्याची नेमणूक झाली. शत्रूचं क्षेपणास्त्र वरच्या वर फोडण्यासाठी देशाने काही यंत्रं पृथ्वीभोवती फिरत ठेवली होती. ‘गगनढाल’ म्हणत त्यांना. अर्जुनाचं ठाणं त्यांच्यावर लक्ष ठेवी.

साळूबाईला त्यातलं काही कळेना. तिचं एकच, “लढाई झाली तर तुझं कसं रं?” रजेवर आलेल्या अर्जुनाने एकदा तिन्हीसांजेला आभाळात सरकणारा ठिपका दाखवला. “त्यो राखतोय आमाला. देवच समज.” तेव्हापासून ती त्याला रोज हात जोडू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात गगनढालीतलं एक यंत्र बिघडून कोसळलं. त्याची घागरीएवढी इंधनाची टाकी साळूबाईच्या माळावर पडली. हात लावू नका, अशी दवंडी दुसऱ्या दिवशी आली. तोवर आभाळातला देवच खाली आला म्हणून साळूबाईने टाकीला आंघोळ घालून शेंदूर लावला होता.

शोधपथकाबरोबर अर्जुनाच आला. त्याचे रबरी हातमोजे बघून ती म्हणाली, “देवाला शिवायला मोजं व्हय? लय सोवळा झालास की.”

टाकीला चीर गेलेली होती. “आई, आंघोळीचं पाणी काय केलंस?”

“काय करत्यात? तीर्थ घेतलं. धोंडुबाई मागत हुती, शेजारची. पर माझ्या लेकाला राखतोय, म्हनून तिला दिलं न्हाई. मीच पिऊन टाकलं.”

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय गेलंय? टाकीतल्या इंधनाचं नाव कुणाला सांगायचं नाही, अशी अर्जुनाने शपथ घेतलेली. शोधपथकाचे साहेब दारातच उभे होते. त्याने नाव सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. साहेब बाहेर गेले. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. “दोन दिवस आधी आणायला हवं होतं,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी साळूबाईला जरा शुद्ध आली. तिने अर्जुनाचं मनगट धरलं.

“देव पडला रं. आता तुला कोन राखनार?”

तो देव नव्हता, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“दुसरा सोडत्यात, आई. ह्याच महिन्यात.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली. दुपारी गेली.